हिरव्या बटणावरचा चिमटा

रविवार, १ मार्च

यीस्टवाला दरवर्षी डायरी देतो आणि दरवर्षी ती भट्टी पेटवायला जाते. यंदा ठेवून घेतली. उद्यापासून वसतिगृहाला पाव पुरवायचे आहेत, रोज सकाळी सातच्या आत. एवढं मोठं काम या बेकरीने आजवर घेतलेलं नाही. मोठं काम अंगावर घेतलं की चार ओळी लिहून ठेवाव्यात, कारण पुढे श्रेय घ्यायला दहा जण येतात.

माणसं आम्ही तीनच. मी, ही आणि सूनबाई. चिरंजीव बोटीवर नोकरीला आहेत, वर्षातून एकदा उगवतात, वजन वाढवतात आणि जातात. पीठ मळणं माझ्याकडे, भट्टी हिच्याकडे, केक आणि गल्ला सूनबाईकडे. मळायचं मशीन जुनं आहे, पण गुणाचं आहे. भलंमोठं भांडं, त्यात फिरणारा लोखंडी आकडा. कुरकुरतं, पण काम सोडत नाही. हेच मी हिला म्हटलं तर म्हणाली, "तुमचं वर्णन करताय का?"

मंगळवार, ३ मार्च

मशीनचा भिंतीवरचा जुना खटका जळाला. ठिणग्या बरेच दिवस उडत होत्या. पण ठिणग्या उडतात म्हणून कोणी संसार मोडत नाही, मग खटका का बदलायचा, असं माझं मत. आज धूर आला तेव्हा वायरमनला बोलावलं. त्याने खटका काढून टाकला आणि मशीनच्या खांबावर एक नवा डबा बसवला. हिरवं बटण सुरू करायचं, लाल बंद करायचं. वर पत्र्याची छोटी झापड.

"काका, याची एक गंमत आहे," तो म्हणाला. "लाइट गेली की हे आपोआप पडतं. लाइट परत आली तरी मशीन सुरू होत नाही. कोणीतरी येऊन हिरवं दाबायला लागतं."

"म्हणजे बिघडलेलं आहे."

"बिघडलेलं नाही हो. मुद्दाम असं असतं. समजा लाइट गेलीय, तुमचा हात मशीनमध्ये आहे, आणि लाइट आली. मग?"

"मग मी हात काढीन."

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग खिम्याचं मशीन चालवणाऱ्या एका खाटकाची गोष्ट सांगितली. हात मनगटापासून गेला म्हणे. या लोकांकडे अशा गोष्टी पोतंभर असतात, त्याशिवाय महागाचा माल खपत नाही. सूनबाई मात्र गल्ला सोडून ऐकत उभी होती. "दादा, हे नक्की पडतं ना?" तिने विचारलं. त्याने दाराजवळचा मेन बंद करून परत चालू करून दाखवला. दिवे आले, मशीन ढिम्म. सूनबाईने ते पुन्हा एकदा करायला लावलं. शिकलेल्या पोरींचं असंच असतं, एका वेळी पटत नाही.

गुरुवार, ५ मार्च

वीज उपकेंद्रात दुरुस्ती चालू आहे, महिनाभर लाइट जाईल-येईल, असं वीजवाले सांगून गेले. आमचं काम सुरू झालं आणि यांची दुरुस्ती. दुष्काळात तेरावा महिना. भट्टी लाकडावर आहे, तिला फिकीर नाही. प्रश्न मशीनचा.

आज मळताना लाइट गेली आणि बराच वेळ आली नाही. मग हात घातले. ही आमची जुनी रीत आहे. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या उस्तादांचं म्हणणं, लाइट गेली तरी पीठ थांबता कामा नये. थांबलं की आकड्याभोवती आवळून बसतं, वर कातडी धरते, आणि त्या घाण्याचे पाव विटा होतात. म्हणून लाइट गेली की कोपरापर्यंत हात भांड्यात घालायचे, आकड्याच्या आजूबाजूने पीठ उचलून उचलून दुमडत राहायचं, लाइट येईपर्यंत. आम्ही तिघंही करतो, ज्याचे हात मोकळे असतील तो.

उस्ताद म्हणायचे, आधी खटका खाली, मग हात आत. लाइट आली की हात बाहेर, मग खटका वर. खटका खाली ओढला नाही तर पाठीत गुद्दा बसायचा. आता भिंतीवर खटकाच नाही, तर खाली ओढणार काय? नियमाचा अर्धा भाग आपोआप गळाला. तेवढं एक काम वाचलं.

सोमवार, ९ मार्च

आज लाज गेली. पहाटे लाइट नुसती लुकलुकली, डोळा मारल्यासारखी. मी भट्टीची लाकडं आणायला मागे गेलो होतो, ही कपडे वाळत घालत होती. जुना खटका असता तर मशीन एक गचका खाऊन पुढे फिरत राहिलं असतं. या नव्या डब्याने तेवढ्यासाठी मान टाकली. आम्ही आलो तोवर पीठ मेलेलं. पाव उशिरा पोचले. वसतिगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, "काका, पोरं उपाशी वर्गात गेली." इतक्या वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. वाईट वाटलं. जेवलो नाही.

डबा काढून टाक म्हणून वायरमनला सांगायला गेलो तर तो ऐकेना. "काका, काढणार नाही. दुसरा माणूस बघा." ठीक आहे. उंटावरचे शहाणे गल्लोगल्ली आहेत. मी माझं डोकं चालवलं.

अंगणातल्या दोरीवरचा लाकडी चिमटा घेतला. झापडीच्या आणि हिरव्या बटणाच्या मधे कोंबला. बटण आत दाबलेलं राहतं. आता लाइट जाऊ दे नाहीतर येऊ दे, बटण सदोदित दाबलेलंच आहे, त्यामुळे लाइट आली की मशीन आपण होऊन सुरू होणार. बंद करायचं तेव्हा चिमटा काढायचा आणि लाल दाबायचं. वायरमनच्या डोक्यात हे कसं आलं नाही देव जाणे. कोणाला सांगितलं नाही, उद्या प्रात्यक्षिकच दाखवीन.

मंगळवार, १० मार्च

यश! सकाळी लाइट गेली. मी भट्टीच्या तोंडाशी होतो. थोड्या वेळाने लाइट आली आणि मशीन आपोआप, कोणी हात न लावता, गरगर फिरायला लागलं. मी टाळीच वाजवली. वळून बघतो तर ही भांड्याशी उभी. एक हात कोपरापर्यंत पिठाने माखलेला, तो तोंडापुढे धरलेला, नाकाच्या शेंड्यावर पीठ. विदूषकासारखी दिसत होती. मला हसू आवरेना.

ही मात्र हसली नाही. पांढरीफटक पडली होती. खाली पोत्यावर बसली. सूनबाई धावत आली, तिने हिला पाणी दिलं. हिला पाणी पिता येईना, दात पेल्यावर वाजत होते. मी चिमटा दाखवला, युक्ती समजावून सांगितली. ही म्हणाली, "ते काढा."

"अगं, छान चाललंय."

"ते काढा आधी."

बीपी असणार. या वयात लक्ष द्यायला पाहिजे. उद्या डॉक्टरकडे नेतो, काम गेलं खड्ड्यात. हिच्यापेक्षा पाव मोठे नाहीत.

बुधवार, ११ मार्च

डॉक्टरकडे नेलं. बीपी ठीक आहे. मीठ कमी करा म्हणाले, ते सगळ्यांनाच म्हणतात. परत येताना चालतच आलो. मी विचारलं, "बरं वाटतंय का आता?" म्हणाली, "तुमचे हात दाखवा." दाखवले. तिने आपल्या हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत, भर रस्त्यात. लोक बघत होते. लग्न नवं असतानासुद्धा हिने कधी असं केलं नव्हतं. मीठ कमी झाल्याने असं होतं का, विचारायला पाहिजे.

शुक्रवार, १३ मार्च

चिमटा गायब. लाइट गेली, मी हात घातले, पीठ दुमडलं. लाइट आली, मशीन गप्प. डबा बघतो तर चिमटा नाही. तो दोरीवर, माझ्या एप्रनला लावलेला.

"हा तू नेलास?" मी हिला विचारलं.

"चिमटे कमी पडत होते."

घरात चिमट्यांची टोपली भरलेली आहे. मी म्हटलं, टोपलीतला घे की. म्हणाली, "तो जास्त घट्ट बसतो." घ्या! चिमट्याचीसुद्धा आवडनिवड. मी परत नेऊन लावला.

रविवार, १५ मार्च

आज दोनदा लाइट गेली आणि दोन्हीदा चिमटा नाहीसा. एकदा ही घेऊन गेली, तेव्हा दोरीवर एकही कपडा नव्हता, आभाळ भरून आलं होतं. रिकाम्या दोरीला चिमटा लावून ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाली, "दोरी बोडकी दिसते." वयाने माणूस लहान होतं म्हणतात ते खोटं नाही.

दुसऱ्यांदा शोध शोध शोधला. मशीनखाली वाकून, पोत्यांमागे, पिठाच्या चाळणीत. सूनबाई म्हणाली, "काय शोधताय, बाबा?" आणि मान वळवली तर तो तिच्या केसांत! टोपीच्या मागे केस गुंडाळून त्यात खोचलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"ही काय फॅशन?"

"केस पिठात पडतात," ती म्हणाली.

माझ्या चिमट्याला केसांचा वास येतो आता. पण सुनेला किती बोलणार. घरात दोन बायका आणि दोघींना त्या एकाच चिमट्याची गरज, तीसुद्धा नेमकी लाइट गेल्यावर. योगायोगाला तरी काही मर्यादा असावी.

मंगळवार, १७ मार्च

उजवा खांदा धरला आहे. हात वर जात नाही. इतक्या वेळा हाताने मळायची सवय राहिली नाही.

पाव वेळेवर जात आहेत, व्यवस्थापक खूश आहेत. पण ते माझ्या युक्तीमुळे नाही, हे इथे खरं लिहितो. त्या पहिल्या दिवसानंतर मशीन एकदाही आपोआप सुरू झालेलं नाही. दर वेळी चिमटा पळतो. आम्ही आपले लाइटवर डोळा ठेवून बसतो, आणि आली की कोणीतरी जाऊन बटण दाबतो. म्हणजे वायरमनचंच खरं झालं की. हे मला मान्य नाही.

बुधवार, १८ मार्च

लोहाराकडून पत्र्याची पट्टी कापून आणली, दोन भोकं पाडून. हिरव्या बटणावर आडवी बसवायची आणि दोन स्क्रू आवळायचे. मग बघू केसांत काय खोचतात ते. परवा वसतिगृहाला सुट्टी आहे, पाव नाहीत, तेव्हा निवांत बसवतो. पट्टी आणि स्क्रू गल्ल्याच्या खणात ठेवले. सूनबाईने विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "कायमचा बंदोबस्त." तिने खण लावून घेतला. संध्याकाळी दोघी अंगणात कुजबुजत होत्या. मी गेलो तर कपड्यांच्या घड्या करायला लागल्या.

गुरुवार, १९ मार्च

ही सकाळीच बहिणीकडे गेली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, रात्री परत येईल. निघताना दारातून दोनदा परत आली. एकदा छत्री विसरली म्हणून, एकदा काही न विसरता. सूनबाईला म्हणाली, "लक्ष ठेव गं." मी म्हटलं, "कशावर? भट्टी मी बघतो." म्हणाली, "भट्टीवर नाही."

ती गेल्यावर मी चिमटा घट्ट कोंबला आणि मशीन चालू केलं. घाणा मोठा होता. अर्ध्यात लाइट गेली. खांदा माझा लाकूड झालेला, डावा हात एकटा काय करणार? सूनबाई केकच्या साच्यांना तूप लावत होती.

मी म्हटलं, "सूनबाई, हात घाल."

तिने हात धुतले, पुसले. मशीनला वळसा घालून पलीकडच्या बाजूने आली. मी पोत्यावर बसलो होतो, पाय पसरून. तिने बाह्या सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. चांगली मळते. आकड्याच्या मागून हात घालून पीठ ओढून घेते, हे तिला हिने शिकवलं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी चांगलं म्हणालात तर तारीख लिहून ठेवा." म्हणून लिहिली.

लाइट आली. डोक्यावरचा दिवा लागला, गल्ल्याशेजारचा फ्रिज घरघरला. मशीन गप्प.

मला संताप आला. सकाळी मी स्वतः, दात खाऊन, चिमटा बसवलेला. ही तर घरात नाही. उठलो, डब्यापाशी गेलो. चिमटा नाही. गुडघ्यावर बसून खाली बघितलं, नाही. "कुठे तडफडला हा चिमटा?" मी ओरडलो.

"माझ्या केसांत आहे, बाबा," सूनबाई म्हणाली.

मी खालूनच वर बघितलं. ती अजून वाकलेली होती. दोन्ही हात भांड्यात, पीठ कोपराच्या वर आलेलं, दोन हातांच्या मधे आकडा. मागे केसांत चिमटा.

डोक्यात काही येत नव्हतं, फक्त मशीन ज्या दिशेने फिरतं ती दिशा दिसत होती. आधी तिचा डावा हात, मग उजवा. पोराला मी काय सांगितलं असतं? बोटीवर फोन लावून काय म्हणालो असतो, पाव वेळेवर गेले म्हणून? एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

"हात काढ," मी म्हटलं. परत म्हटलं.

तिने सावकाश हात काढले, बोटांचं पीठ निपटून भांड्यात टाकलं, एक कणसुद्धा वाया घालवला नाही. मग म्हणाली, "काढले. आता दाबा हिरवं."

मला दाबवेना. तिनेच कोपराने दाबलं.

गुरुवार, संध्याकाळ

ही आली. बहिणीचं ऑपरेशन नीट झालं. मी चहा टाकला. हिने कपाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण मी चहा टाकत नाही.

"चिमटा कधीपासून काढताय तुम्ही दोघी?" मी विचारलं.

हिने कप खाली ठेवला. सूनबाई आत निघून गेली.

"माझं नाक खाजलं त्या दिवसापासून," ही म्हणाली.

मला कळलं नाही. मग कळलं. १० तारखेचं पान काढून वाचलं. एक हात पिठाने माखलेला, नाकावर पीठ, विदूषकासारखी. मीच लिहिलं आहे. हसू आवरेना असंही लिहिलं आहे. तो हात नाक खाजवायला बाहेर आला होता.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसऱ्याने कड धरली होती. एकाच हाताने मळत होते, दुसरा दुखत होता म्हणून. नाहीतर दोन्ही आत असते."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही मला डॉक्टरकडे घेऊन गेलात."

ही चहा प्यायली. साखर जास्त झाली होती, तरी प्यायली. मग म्हणाली, "आम्ही दोघींनी ठरवलं, लाइट गेली की जी जवळ असेल तिने काढायचा. तुम्ही हात घालायच्या आधी. रोज धावायचो हो. एकदा तर तुमचे हात आत गेले होते तेव्हा मी काढला. त्या दिवशी मी जेवले नाही, तुम्ही म्हणालात मीठ कमी म्हणून."

"तरी पण परत सांगायचं होतं. ओरडायचं होतं."

"ओरडले असते तर तुम्ही स्क्रू मारला असता."

मी गल्ल्याचा खण उघडला. पट्टी तिथेच होती, दोन भोकांची, आणि दोन स्क्रू. उद्याच मारणार होतो.

शनिवार, २१ मार्च

पट्टी लोहाराला परत दिली. काय झालं विचारलं तर म्हटलं, माप चुकलं. चिमटा दोरीवर आहे. वायरमन पाव न्यायला आला होता, त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?"

आज मळताना लाइट गेली. डबा पडला. टक् असा आवाज होतो, आजवर लक्ष दिलं नव्हतं. चिमटा नाही हे माहीत असून मी झापडीखाली बोट फिरवून बघितलं. मग या दोघींनी हात घातले. मी खांद्यामुळे नुसता उभा. जरा वेळाने डाव्या हाताने मीही मदत केली.

लाइट आली. दिवा लागला, फ्रिज घरघरला, मशीन गप्प उभं. मी उभ्या जागेवरून डब्याकडे वळलो आणि हिरव्या बटणावर दुखऱ्या उजव्या हाताचं बोट ठेवलं.

"सूनबाई, हात?"

"बाहेर."

"आणि तुझे?"

"बाहेर," ही म्हणाली. "आणि तुमचे हो?"

मी बघितलं. डावा अजून आत होता. काढला, मग दाबलं.